एका बिडीची जमीन

जमीन तीन प्रकारची असते, असं आमच्या मेश्रामजींचं ठाम मत होतं : अर्ध्या बिडीची, एका बिडीची आणि तीन बिड्यांची.

हातभर खोल खड्डा खणायचा, त्यात बादलीभर पाणी ओतायचं आणि काठावर उकिडवं बसून बिडी पेटवायची. बिडी अर्धी व्हायच्या आत पाणी जिरलं, तर जमीन रेताड. तिच्यात घाण पाणी टाकलं की ते न गाळता सरळ शेजारच्या विहिरीत जाणार. तीन बिड्या संपल्या तरी पाणी जागचं हललं नाही, तर ती चिकण माती. तिथे डबकं होणार आणि डबक्यात डासांची पैदास. बरोबर एका बिडीत पाणी जिरेल तीच खरी जमीन. "अशी जमीन भेटली ना बाबूजी, का मले भरून येते," असं ते म्हणत. एरवी मेश्रामजी बिडीला शिवतही नसत. त्यांच्या लेखी बिडी हे मोजमापाचं साधन होतं, आमच्या फीतपट्टीसारखं. बालाघाट जिल्ह्याचा निम्मा नकाशा त्यांनी असा बिड्यांनी मोजून काढला होता आणि तो त्यांना तोंडपाठ होता. भरवेलीकडे दीड, लांजीच्या भातखाचरांत चार, बिरशाच्या वाटेवर कुठे कुठे अगदी एक.

हे साधारण पासष्ट-सहासष्ट सालचं. मी तेव्हा एका खनिज सर्वेक्षणाच्या तुकडीत नकाशे काढत असे. वर्षातले आठ महिने आमचा मुक्काम जंगलात, एका घरगाडीत. घरगाडी म्हणजे लिलावात आलेला जुना लष्करी ट्रक. त्याच्या पाठीवर सुतारांनी लाकडी खोली चढवली होती. आत चार फळ्या झोपायला, कोपऱ्यात चूल, पत्र्याची मोरी आणि एक न्हाणीघर. त्या न्हाणीघरात एक तर साबण लावता येई, नाही तर श्वास घेता येई. मेश्रामजी या गाडीचे ड्रायव्हर आणि मुक्कामाचे जमादार. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, मिशा बारीक आणि स्वभावाने सांडपाण्याचे राखणदार.

मुळात मोरीला खाली नुसतं एक भोक होतं. आपण भांडी घासावीत, पाणी गाडीखाली पडावं आणि आपण त्याला विसरावं, अशी सरकारी योजना होती. मेश्रामजींनी पहिल्याच आठवड्यात ते भोक बंद केलं आणि गाडीच्या पोटाला दोन पिंपं टांगली. एकात मोरीचं आणि न्हाणीचं पाणी. दुसऱ्यात काय असे, ते वाचकांनी मला लिहायला लावू नये. त्यासाठी निराळा खोल चर, चुना आणि वर माती, असा बंदोबस्त होता. पहिल्या पिंपातलं पाणी आधी गवत भरलेल्या डब्यातून जाई. तेलकटपणा गवताला चिकटे, ते गवत रोज जाळायचं. पाणी पुढे दगड, मुरूम आणि कोळसा घातलेल्या खड्ड्यात. मुक्काम हलला की खड्डा बुजवून त्यावर पाय आपटून यायचं. मगच गाडी सुरू होई.

मी नवा होतो तेव्हा एका सकाळी दात घासून झुडपात चूळ टाकली. मागून आवाज आला, "बाबूजी, थे चूळ कुठी गेली?"

"कुठे गेली म्हणजे? पडली जमिनीवर."

"पडली ना. मंग पुढं कुठी गेली?"

इतकी वर्षं चुळा भरत आलो होतो, पण त्यांच्या पुढच्या प्रवासाची चौकशी कोणी केली नव्हती. त्या दिवसापासून मी मुकाट्याने मगात चूळ टाकू लागलो. आमच्या तुकडीत कोणी ताटात भात टाकला, तरी हाच प्रश्न येई. भाताची पेज गावातल्या ढोरांना जाई. आमचे एक सर्वेक्षक चहाचा चोथा खिडकीतून फेकत. मेश्रामजींनी तो गोळा करून त्यांच्या बुटात नेऊन ठेवला. चोथा बंद झाला.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्यांना बालाघाटला बोलावलं होतं. धुवट सदरा, नवी टोपी घालून आले. पहिली पंगत उठली आणि मेश्रामजी गायब. वडील म्हणाले, पाहुणा रुसला की काय? शोधत गेलो तर मांडवामागे सदरा दोरीला लटकत होता आणि गृहस्थ बनियनवर फावडं मारत होते. दोनशे माणसांचं हात धुतलेलं पाणी शेजारच्या विहिरीकडे निघालं होतं. त्यांनी चर काढून त्याला वळवलं, दगड टाकले, बिडी पेटवून खात्री केली आणि मगच पानावर बसले. शेजारच्या काकू दर वर्षी विचारत, "तो पाणीवाला पाहुणा पुन्हा नाही आला का हो?" आमच्या जावयाची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

आता मुख्य गोष्ट.

मेश्रामजी अकरा वर्षं हंगामी होते. दर सहा महिन्यांनी त्यांची नोकरी संपे आणि दुसऱ्या दिवशी नवी लागे. कायम होण्यासाठी भोपाळच्या बडेसाहेबांचा शेरा हवा होता. त्या उन्हाळ्यात बडेसाहेब स्वतः आमच्या मुक्कामावर तपासणीला यायचे होते. मेश्रामजींचा कागद त्यांच्या बॅगेत होता. आम्ही सगळ्यांनी मेश्रामजींना बजावलं, चार दिवस तोंड उघडू नका. "हौ जी," ते म्हणाले, "मी काहून बोलतो?"

बडेसाहेब आले ते जीपमागे स्वतःची घरगाडी जोडून. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, खिडक्यांना फुलांचे पडदे. आत न्हाणीघर, त्यात वरून पाणी पडण्याची सोय. आमची गाडी तिच्यासमोर बैलबाजारात आणल्यासारखी दिसू लागली. साहेबांनी नाल्याच्या काठची दाट सावली पाहिली आणि गाडी तिथेच उभी करवली.

नाला वैशाखात कोरडा होता. पण त्या सावलीपासून पंधरा-वीस पावलांवर, उताराच्या बाजूला, गावाचा झिरा होता. झिरा म्हणजे रेतीत खणलेला खळगा. त्यात पाझरून पाणी येई आणि बाया ते वाटी-वाटीने हंड्यात भरत. दोन महिने अख्ख्या गावाला तेवढंच पाणी.

मेश्रामजी हात जोडून पुढे झाले. "साहेब, गाडी थोडी खाली घेतो जी. इथं झिरा हाय."

"पानी तो टंकी में जाता है," साहेब म्हणाले आणि आत गेले.

साहेबांच्या मते टाकीत गेलेलं पाणी संपलेलं असे. टाकी रिकामी करावी लागते, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. घरी बहुधा ते काम बंगल्यावरचे नोकर करत असावेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या गाडीतून आरोळी आली. साहेबांच्या डोक्याला साबण, आणि न्हाणीच्या भोकातून तीन दिवसांचं पाणी उलटं वर येऊन त्यांच्या घोट्यांपर्यंत चढलेलं. काल रात्रीच्या डाळीसकट. साहेबांचा खानसामा टाकीची तोटी उघडायला गाडीखाली घुसला आणि तसाच बाहेर आला.

"साहब, ताला लगा है।"

तोटीला साखळी गुंडाळून तिला पितळी कुलूप लावलेलं होतं. कुलूप आमच्या धान्याच्या पेटीचं होतं. किल्ली कोणाकडे असणार, हे सांगायची गरज नव्हती.

साहेब पंचा गुंडाळून, डोक्यावर फेस घेऊन बाहेर आले. "चाबी कहाँ है?"

"माझ्याजवळ हाय जी."

"दो।"

"देतो. पह्यले गाडी खाली नेऊ, मंग देतो."

"तुम जानते हो मैं कौन हूँ?"

"हौ जी. माझा कागद तुमीच करनार हाव." मेश्रामजी जागचे हलले नाहीत. "पन साहेब, थ्या झिऱ्यावर सकाळपासून बाया बसून राह्यल्या. त्यायले नाही मालूम तुमी कोन, नाही मालूम मी कोन. त्यायले पानी मालूम हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत भाषांतर केलं आणि त्यात 'साहब' हा शब्द चार वेळा जास्तीचा घातला.

"इसका काग़ज़ मेरे बैग में है, इसको बता दो।"

हे मला सांगावं लागलं नाही. मेश्रामजींचा चेहरा पडला. अकरा वर्षं होती ती. मला वाटलं, आता किल्ली निघणार, आणि खरं सांगतो, निघावी असंच मला वाटत होतं. मी मनातल्या मनात म्हणालो, देऊन टाका बापा, गाव काही आपलं नाही.

"मंग राहू द्या बॅगातच," ते म्हणाले. "पन एक गोष्ट पाहून घ्या जी. तुमी जमिनीचे जानकार हाव."

त्यांनी बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली. झिऱ्याला धक्का लागू नये म्हणून त्याच्याही खाली, चांगलं लांब गेले. पाझर लागेपर्यंत रेतीत खळगा खणला आणि त्याच्या वरच्या अंगाला दोन हातांवर बादली ओतली. मग बिडी पेटवली. साहेब पंच्यावर, एका डोळ्यात साबण गेलेला, तरी येऊन उभे राहिले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडाचं वय सांगणारा तो माणूस. रेतीतून पाणी कसं चालतं हे त्याला पुस्तकातून चांगलं ठाऊक असणार. फक्त स्वतःच्या आंघोळीचं पाणीही तसंच चालतं, हे ध्यानात आलं नव्हतं.

बिडी अर्धी झाली आणि खळग्यात निळा पाझर उतरला.

साहेबांनी एकदा त्या निळ्या पाण्याकडे पाहिलं आणि एकदा मान वर करून झिऱ्याकडे. तिथे एक बाई वाटीने पाणी भरत होती. मग ते हळूच म्हणाले, "गाड़ी कहाँ ले जानी है?"

पुढचा तासभर म्हणजे वरातच होती. आमच्या म्हाताऱ्या ट्रकने ती पांढरी नवरी ओढत नाल्यापासून दूर, दोनशे पावलं खालच्या मुरमाड माळावर नेली. आम्ही सगळे मागून ढकलत होतो. खानसामाही ढकलत होता. आणि पंचा सावरत एका हाताने बडेसाहेबही. माळावर खड्डा तयार होता. दगड, मुरूम, कोळसा, गवताचा डबा, सगळं जागच्या जागी.

"यह कब खोदा?"

"तुमी आले त्याच सांजेले जी."

कुलूप निघालं. तीन दिवसांचं पाणी घळाघळा गवतातून खड्ड्यात गेलं. साहेबांनी हात पुढे केला, मेश्रामजींची बिडी मागून घेतली आणि स्वतः पेटवली. आम्ही सगळी माणसं एका खड्ड्याभोवती श्वास धरून उभे होतो. बिडी संपता संपता शेवटचा फेस दगडात उतरला. "एक बीड़ी!" साहेब ओरडले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. सांडपाण्याला टाळ्या मिळाल्याचं मी तेवढंच एकदा पाहिलं.

साहेबांचा शेरा मीच साफ प्रतीत उतरवला. 'माणूस उद्धट आहे. खड्डा उत्तम आहे. कायम करावे.' कायम कोणाला करायचं, माणसाला की खड्ड्याला, यावर कार्यालयाने दोन महिने विचार केला आणि शेवटी मेश्रामजींना केलं.

गाडी हलवली त्याच दिवशी ऊन उतरल्यावर ते पाणी आणायला झिऱ्यावर निघाले. "चाला बाबूजी," म्हणाले. एरवी ते कधी मला पाण्याला नेत नसत. मी खुशीत होतो. आज गावाला सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

झिऱ्यावर एक म्हातारी होती. आम्हाला पाहताच तिने तोंड सोडलं. "आले का गाडीवाले! साल-दर-साल येता आन् पानी नासवून जाता. मागच्या खेपेले लेकरं आठ दिस हगवनीनं पडून होते. तुमाले काय हाय? तुमी चालले जाता!"

ती मागची गाडी आमची नव्हती, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोच मेश्रामजींनी माझं मनगट दाबलं. "हौ माय," ते म्हणाले, "ध्यान ठेवू." त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बोलून बोलून ती दमली आणि तिने वाटीभर पाणी त्यांच्यापुढे धरलं. ते त्यांनी डोळे मिटून प्यायलं.

परतताना मी चिडलो होतो. "एवढी नोकरी पणाला लावलीत, आणि शिव्या खाल्ल्यात? सांगायचं तरी!"

ते हंडा सावरत चालत राहिले.

"आमचं घर गावाच्या खालच्या अंगाले होतं जी. नाल्याचं पानी वरच्या अंगाच्यायचं सारं होऊन मंग आमच्याकडे ये. भांडे, धुनं, ढोरं, सारं. माय लुगड्याच्या तीन पदरातून गाळे आन् म्हने, वास नोको घेऊ, पिऊन टाक. वरच्यायच्या घरी आज काय रांधलं, कोनाकडे बाळंतीन हाय, मले पान्यावरून समजे. त्यायले मात्र आमी हावो, हेच मालूम नोतं." त्यांनी हंडा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "या बुडीले आज समजलं नाही वर कोन राह्यते, काय जेवते. मले बस झालं बाबूजी. माय असती तर तिले सांगतलो असतो."

थोडं चालल्यावर मी म्हणालो, "मेश्रामजी, आमच्या गावी आमचं घर वरच्या अंगाला होतं."

"मालूम हाय जी," ते म्हणाले. "मनूनच तुमाले आज संगं आनलो."