सडक माहेरी निघाली

राजधानीची मोठी सडक सोमवारी सकाळी मेट्रो स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी उभी राहिली आणि तिने काळदरी फाट्याचं एक तिकीट मागितलं.

काळदरी हे तिचं माहेर. तिचा एकूण एक दगड आमच्या गावच्या खाणीतला. पण इतक्या वर्षांत तिला एकदाही माहेरी धाडलं नव्हतं. संचलनं, मिरवणुका, मंत्र्यांच्या गाड्या, सवड कुठली? आता मेट्रो थेट फाट्यापर्यंत जाऊ लागली होती.

मी कॉलेजला निघाले होते. गावाचं नाव कानावर पडलं आणि मी रांग मोडून पुढे घुसले.

स्टेशनप्रमुख सबनीस शांतपणे म्हणाले, "सासुरवाशीण एकटी कशी पाठवायची? न्यायला माहेरचं कोण आलंय?"

"मी आलेय! मी काळदरीची गोदा. हिचा दगड माझ्या आजोबांनी फोडलाय."

"न्यायला भाऊ लागतो."

"साहेब, कुठल्या काळात राहता? बहीण का नाही चालत?"

त्यांनी वर फोन लावला. बहिणीला मनाई नव्हती. फक्त सडकेने डब्याचं दार अडवून बसू नये, असं सांगण्यात आलं.

सडकेने स्वतःची नीट गुंडाळी केली. अख्खा शेवटचा डबा भरला. मी तिचं टोक घट्ट धरून बसले! कारण आमच्या गावाला रस्ताच नाही. राजधानीला दगड देऊन आम्ही चिखल तुडवत बसलो. गेल्या वर्षी गोपाळकाकांना खाटेवर घालून फाट्याला नेलं, ते वाटेतच गेले. आणि आता घरी वहिनीचे दिवस भरत आले होते.

फाट्यावर सडक उतरली आणि सरळ आमच्या दारापर्यंत पसरली. आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "बाई गं, किती झिजलीस!"

चौथ्या दिवशी सबनीस तिला न्यायला मोटारीने आले. गावात आलेली ती पहिली मोटार.

"पाठवा आता हिला. तिकडे मंत्री खड्ड्यांतून चालताहेत."

"चालू देत की," मी म्हणाले.

"गोदे, गप. साहेब, आधी जेवून घ्या," आई म्हणाली.

"जेवतो. पण सडक आजच न्यायची."

"न्या ना," मी म्हणाले. "मोटार परत कशावरून नेणार?"

सबनिसांचा घास हातातच राहिला. हा मुद्दा त्यांनी विचारात घेतला नव्हता.

तेवढ्यात आतून वहिनीची किंकाळी आली. कळा सुरू झाल्या होत्या. सबनिसांनी ताट सारलं, हात न धुताच मोटारीचं दार उघडलं. "बसवा यांना! तालुक्याला चला!"

दादाने वहिनीला मागे बसवलं. मोटार सुरू झाली, थांबली. सबनिसांनी काच खाली केली.

"बाळंतीण परत कशी येणार?"

सडकेने चाकांखाली अंग आणखी सैल सोडलं.

"बरं," ते म्हणाले. "बारसं झालं की मला कळवा. तोवर राहू दे हिला."

बारसं झालं. पोरगी आता सडकेवर धावते. कळवायचं तेवढं राहून गेलंय.