रतनबाईंनी भरलेली बाटली

भर दुपारी सगळं घर गपगार असताना मोरीतल्या नळानं खाकरल्यासारखा आवाज केला. पाणी आलं नाही. पण त्याच मिनिटाला मोबाईलवर विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेचं पत्र आलं. विद्यार्थी-संशोधक म्हणून माझी निवड झाली होती. मी लेकीला, सोनियाला, उचललं आणि दोन गिरक्या घेतल्या.

हुरळण्यामागं कारण होतं. राजगडाच्या पायथ्याच्या आमच्या वाडीला धरण नुसतं दिसतं, पाणी मात्र विहिरीचं प्यावं लागतं. सोनिया पाच वर्षांची. या पाण्यानं यंदा दोनदा तिला भोरला नेऊन सलाईन लावावं लागलं. कॉलेजला निघण्याआधी मी एक पातेलं उकळून ठेवते. ते संपलं की ती कळशीतलंच पिते. आता प्रयोगशाळेकडे पाणी शुद्ध करणारं एक मोठं यंत्र आलं होतं, आणि तालुक्यात ज्या विहिरीचं पाणी सर्वांत वाईट ठरेल, तिला ते मिळणार होतं. आमच्या विहिरीच्या पात्रतेबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

रुजू होण्याच्या दिवशी प्रमुख इंद्रजित सरांनी अर्ज क्रमांक सात पुढं ठेवला.

"तुम्ही वाडीतलंच पाणी पिता?"

"हो, सर."

"मग अवघड आहे. ज्या पाण्याशी पोटाचा संबंध आहे, त्याच्या नमुन्याला संशोधकानं हात लावायचा नसतो. तटस्थता जाते."

मी तटस्थतेच्या हमीपत्रावर सही केली, आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचं संशोधन मला मिळालं. आमच्या वाडीची रिकामी बाटली एसटीनं ग्रामपंचायतीत गेली. सोबत आदेश होता, की नमुना 'स्थानिक, प्रतिष्ठित व निःपक्षपाती महिलेने' भरावा. पंचायतीनं एकमतानं रतनबाईंना निवडलं. त्या माझ्या सासूबाई. पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

आठवड्यानं निकाल आला. बाकीच्या बाटल्यांतलं पाणी उकळलेल्या चहासारखं होतं. आमच्या बाटलीवर मात्र तपासणीचं यंत्र दोनदा अडखळलं. एवढं स्वच्छ पाणी त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं. प्रयोगशाळेत प्यायला येणाऱ्या जारमधलंसुद्धा नाही. सर गहिवरले. मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

"मग काय तर," सासूबाई म्हणाल्या, "इद्यापीठात जायचं पानी, तसंच गढूळ धाडू व्हय? नव्या लुगड्याच्या चौपदरी घडीतनं गाळलं, उकाळलं, तुरटी फिरवली. वर तुळशीची दोन पानं. तुझ्या सायबानं नाव ठेवाया नगं, की हिच्या सासरी गाळणं बी न्हाई."

मला रागवायचं होतं. पण बाटलीच्या गळ्याला त्यांनी हळदी-कुंकवाचं बोटही लावलं होतं, आणि त्यावर चिठ्ठी चिकटवणारी मीच होते.

मी सरांना सगळं खरं सांगितलं. हे मला कळलं कसं, असं त्यांनी शांतपणे विचारलं. सासूबाईंकडून, म्हटलं. म्हणजे नमुना भरणाऱ्या व्यक्तीशी मी अनधिकृत संपर्क साधला, अशी नोंद झाली. फेरतपासणी मागता येते, हेही त्यांनी मायेनं समजावलं. फक्त ती तटस्थ माणसानं मागावी लागते, म्हणजे जो हे पाणी पीत नाही त्यानं. असा माणूस मी वाडीत तीन दिवस शोधला. शेवटी कोंडिबानाना मिळाले. पण आपण पाण्याऐवजी काय पितो, हे लेखी द्यायला ते तयार होईनात.

अहवाल छापून आला. त्यात चौथं नाव माझं आहे. मी ते घरात सगळ्यांना दाखवलं, दोनदा. यंत्र कुठल्या विहिरीला द्यायचं यावर एकमत होईपर्यंत ते सरांच्या केबिनमध्ये बसवलं गेलं. आणि आमच्या विहिरीला 'आदर्श जलस्रोत' असा फलक मिळाला.

अनावरणाला मांडव पडला, सर आले. सासूबाईंनी आदल्या दिवशीच बारा माणसांपुरतं पाणी गाळून, उकळून, तुळस घालून पितळी पिंपात झाकून ठेवलं होतं. सरांनी पेला एका दमात रिकामा केला आणि माईकवर सांगितलं, की बघा, आम्ही स्वतः पितो. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत असले की हात आपोआप जुळतात. तुमचेही जुळले असते.

सोनिया आपला छोटा पेला घेऊन पिंपापाशी गेली. सासूबाईंनी तिचा हात हळूच बाजूला केला. "ते पावन्यांचं हाय, बाळा," म्हणाल्या आणि कळशीकडे बोट दाखवलं.

ती कळशीकडे गेली नाही. माझ्यापाशी आली, रिकामा पेला माझ्या हातात दिला आणि पदर ओढून विचारलं,

"आई, मी पावनी कधी व्हनार गं?"