मानूसोसची अर्धी मिशी

शेळ्यांवरची तीन जाडजूड पुस्तकं वाचून झाल्यावर या प्राण्याबद्दल शिकण्यासारखं आता काही उरलेलं नाही, असं गारिफालियाचं मत झालं आणि तिने ते गावात चारचौघांना ऐकवलंही.

बाप एप्रिलमध्ये गेला. मागे क्रीटच्या डोंगरातलं घर आणि बत्तीस शेळ्या. इराक्लिओ शहरातल्या शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा टाकून ती आली आणि आल्या आल्या तिने गोठ्यावर चकचकीत पत्रे घातले. दूध टिकलं तर कळप ठेवायचा, नाही टिकलं तर विकायचा, असं तिने ठरवलं होतं. विकायची कल्पना मात्र तिला सहन होत नव्हती.

बापाच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर शेजारचा मानूसोस म्हणाला होता, “विकायच्या झाल्याच तर आधी मला सांग, पोरी.” सत्तरीचा गृहस्थ, उजव्या हाताने पांढऱ्या मिशीला सदान्‌कदा पीळ देणारा. तोंडातला प्रसादाचा उकडलेला गहू अजून गिळून व्हायचा होता आणि याला शेळ्या सुचत होत्या! त्या दिवशीही गारिफालियाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मानूसोसची बायको एव्हान्थिया आणि तिच्या मैत्रिणी तिच्याकडे टक लावून बघत होत्या. बायकांना तिच्या दुःखाचा संशय, तिला मानूसोसचा.

जुलैत दूध चाळीस लिटरवरून अठ्ठावीसवर आलं. शिवाय दुपारी ती खिडक्या लावून पडली, की गोठ्यातून घंटांची किणकिण सुरू व्हायची, कळप कुणीतरी घाईने हाकत न्यावा तशी. धावत जाऊन पाहावं तर माणूस नाही. शेळ्या एकमेकींपासून लांब उभ्या, कडाक्याचं भांडण झाल्यासारख्या. माना खाली, जिभा बाहेर, लाळेच्या तारा लोंबतायत, बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या चाललेल्या. चाऱ्याला शिवायच्या नाहीत, पाणी मात्र दुप्पट प्यायच्या.

गारिफालियाने निष्कर्ष काढला. कुणीतरी रोज दुपारी त्यांना पळवून नेतं, दूध काढतं आणि पळवतच परत आणतं. नाहीतर जागच्या जागी उभ्या शेळ्यांना एवढी धाप लागेलच कशी?

त्यातच कुंपणापलीकडून मानूसोस म्हणाला, “दुपारच्या बाहेर सोडत जा त्यांना.”

“बाहेर म्हणजे कुठे, काका? तुमच्या अंगणात?”

तो मिशी पिळत आत गेला. तिने त्याच संध्याकाळी गोठ्याला चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या आणि दाराला भक्कम कडी बसवली. दूध बाविसावर आलं.

आणि मग अचानक सव्वीस झालं. दोन दिवसांनी तीस! गारिफालियाची झोप उडाली. दूध चोरणारा एक वेळ समजता येईल, पण हा कोण उलटा चोर? शेळ्यांच्या खुरांत ओला चिखल होता, पाठीवर अक्रोडाची पानं. तिला उलगडा झाला: माल आपलाच होणार या खात्रीने मानूसोस आत्तापासूनच तो पोसतोय!

तिने चुलीतली काजळी ऑलिव्हच्या तेलात कालवून कडीला फासली.

शनिवारी संध्याकाळी चौकात मानूसोस कॉफी पीत बसला होता. डावी मिशी पांढरी, उजवी कुळकुळीत काळी. त्याच्या घरातला आरसा कधीच फुटला होता, आणि चौकातलं कुणी त्याला सांगत नव्हतं, कारण समोर उभ्या एव्हान्थियाचा तापलेला चेहरा सगळ्यांनाच दिसत होता.

या गावात साक्षीपुरावे लागत नाहीत. ज्याच्यावर आळ, त्याने देवळात संत योर्गींच्या तसबिरीवर हात ठेवायचा. खोटी शपथ घेणाऱ्याचं घर ओस पडून त्यावर गवत उगवतं, हे लहान पोरही सांगेल. गारिफालियाने चौकात सगळ्यांसमोर शपथ मागितली.

रविवारी प्रार्थना संपली तरी कुणी घरी जाईना. मानूसोसने तसबिरीवर हात ठेवला.

“म्हणा,” गारिफालिया म्हणाली, “दुपारी मी या पोरीच्या शेळ्यांकडे जात नाही.”

“थांब गं,” एव्हान्थिया मधे आली. “आधी माझी शपथ. रोज दुपारी दोन तास गायब होतो आणि आता मिशी रंगवून येतो, सत्तराव्या वर्षी. म्हण रे, मी कुठल्याही बाईकडे जात नाही.”

मानूसोसने दोघींकडे पाहिलं. मग संतांकडे पाहिलं.

“बाईकडे जात नाही,” तो म्हणाला. “बत्तीस शेळ्यांकडे जातो.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पत्र्याखाली शेळ्या भाजून निघत होत्या. शेळीला उन्हाची काहिली झाली की ती धापा टाकून अंग निववते, आणि धापेने घंटा हलते. त्याच काहिलीत चारा सुटतो आणि दूध आटतं. फळ्या ठोकल्यानंतर, गारिफालिया खिडक्या लावून पडली की मानूसोस कडी काढून त्यांना ओढ्याकाठच्या अक्रोडाखाली नेत होता.

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. तू फळ्या ठोकल्यास.” तो मिशीला हात लावणार होता, थांबला. “तुझा बाप रोज नेत असे. दवाखान्यात मला म्हणाला, दुपारचं तेवढं शेळ्यांकडे बघ.”

लहानपणापासून गारिफालियाची समजूत होती, की बाप दुपारी ओढ्याकाठी झोपायला जातो. आई तशीच तर कुरकुरायची.

सोमवारी दुपारी तिने स्वतः गोठा उघडला आणि कळप खाली नेला. अक्रोडाच्या फांदीला बापाची वेताची टोपी अजून लटकत होती. शेळ्या सावलीत पसरल्या. एकेकीची धाप बसत गेली, तशा घंटाही एकामागून एक गप्प झाल्या.

संध्याकाळी ती परतली तेव्हा एव्हान्थिया दारातच होती. गारिफालियाचा चेहरा पाहून तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

“रडलीस एकदाची.”

“छे. कडीची काजळी पुसायची राहिली होती. तोच हात तोंडाला लागला.”

एव्हान्थियाने तिला नीट न्याहाळलं. दोन्ही गाल कोळशासारखे काळे होते, आणि डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन रेघा अगदी स्वच्छ.

“काजळीच दिसतेय,” ती म्हणाली आणि खिशातून अर्धं लिंबू काढून तिच्या हातावर ठेवलं. “हे घे. मिशीचं निघालं याने.”