खऱ्या वजनाची चाचणी

पहिली गाडी मापकाकांनी न बघताच नाकारली. गाडीचा मालक फोनवर म्हणाला होता, "बसथांब्यापासून दोन मिनिटांवर घर आहे आपलं." काका घड्याळ लावून निघाले आणि चांगली पंधरा मिनिटं चालले. "जो माणूस अंतरात एवढं मारतो, तो किलोमीटरमध्ये किती मारत असेल?" असं म्हणून ते त्याच्या दारावरची घंटीसुद्धा न वाजवता घरी परत आले.

काकांचा उभा जन्म वजनमाप खात्यात गेला होता. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक शोधायचं, तेलाच्या मापाचा तळ ठोकून बघायचा, हेच काम. नोकरीतून निवृत्त झाले, पण सवयीतून निवृत्त व्हायचा अर्ज काही त्यांनी दिला नव्हता. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मापकाका म्हणायची. आणि त्यांच्या बायकोला माशीकाकू, कारण घराच्या मागच्या अंगणात त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. काकू मध विकायच्या आणि काका प्रत्येक बाटली दोनदा मोजायचे. संसार गोडीगुलाबीने चालला होता.

घोडं अडलं होतं ते गाडीपाशी. खाली गावातला फुलोरा संपला होता आणि वर डोंगरावरच्या सफरचंदाच्या बागांत कळ्या फुटायला लागल्या होत्या. दर वर्षी या दिवसांत पेट्या ट्रेलरवर चढवायच्या, जुन्या जीपला ट्रेलर जोडायचा आणि वरच्या बागेत नेऊन ठेवायच्या, हा काकूंचा नेम. यंदा जीपने मान टाकली. ती भंगारात गेली आणि तिचा ड्रायव्हर बस कंपनीत गेला. भंगाराचे पैसे आणि मधाची शिल्लक एकत्र केली, तर चारही चाकांनी ओढणाऱ्या नव्या फोर बाय फोरचे टायर आले असते, टायरांवरची गाडी नाही. म्हणून जुनी शोधायची होती, आणि शोधणार होते मापकाका. आता तुम्हीच सांगा, आगीतून फुफाट्यात म्हणतात ते यापेक्षा काय वेगळं असतं?

"अहो, माश्या साखरपाण्यावर आहेत," काकू म्हणाल्या. "किती दिवस सलाईनवर ठेवू त्यांना? अर्ध्या पेट्या थंडावल्यात. बहर निघून गेला तर पुढच्या वर्षी रिकाम्या पेट्या उरतील नुसत्या."

"घाईत घेतलेला निर्णय..."

"ठाऊक आहे मला. लग्नाला हो म्हणायला दीड वर्ष लावलं होतंत तुम्ही."

दुसऱ्या गाडीच्या दारांना काकांनी खिशातलं चुंबक लावून बघितलं. ते कुठेच चिकटेना. दार म्हणून जे होतं ते सगळं पुट्टी आणि रंग होता. तिसरी बरी होती, पण तिच्या मालकाचं तोंड त्याला नडलं.

"किती ओढते?" काकांनी विचारलं.

"काका, हत्ती ओढेल हत्ती!"

"हत्तीचं वजन किती?"

मालक हसला. काकांनी छत्री उचलली.

चौथी गाडी दातांच्या डॉक्टरांची. त्यांनी जाहिरातीत लिहिलं होतं, 'डॉक्टरांनी वापरलेली, चिखल न लागलेली फोर बाय फोर.' काका म्हणाले, "चिखल न लागलेली फोर बाय फोर म्हणजे पाण्यात न उतरलेली होडी." पण किंमत ऐकून ते बघायला गेले. डॉक्टर बिचारा सरळ माणूस निघाला. रानावनांत, डोंगरदऱ्यांत भटकायचं म्हणून आठ वर्षांपूर्वी हौसेने गाडी घेतली, आणि ती आठ वर्षं घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी भटकली. आता बायकोने फर्मान काढलं होतं की हा हत्ती विका आणि पार्किंगमध्ये मावेल असं काहीतरी आणा.

"किती ओढते?" काकांनी विचारलं.

"खरं सांगू का काका, मला काहीच माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "मी तिला कधी काही ओढायला लावलंच नाही."

काकांना आयुष्यात पहिल्यांदा असा विक्रेता भेटला होता. ते इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे चाचणी ठरवली. उद्या सकाळी डॉक्टरांनी गाडी घेऊन यायचं, पूर्ण वजनाचा ट्रेलर जोडायचा, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि वळवून परत यायचं.

घरी आल्यावर काका विटांचा हिशेब करायला बसले. पेट्यांच्या वजनाइतक्या विटा ट्रेलरमध्ये भरायच्या होत्या. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "विटा कशाला पण?"

"वजन नको?"

"विटांचं वजन गप्प बसतं हो. पेट्यांचं हलतं, डुलतं. तुम्हीच तर म्हणायचात ना, दुकानदाराचा काटा दुकानदाराच्याच मालाने तपासावा?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. बायकोला एवढ्या वर्षांत आपलं म्हणणं पटलं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच, माश्या बाहेर पडायच्या आत, काकूंनी पेट्यांच्या दारांना जाळी ठोकली आणि शेजाऱ्यांच्या मदतीने पेट्या ट्रेलरवर चढवून दोर आवळले. डॉक्टर आले ते धावतपळत. "जरा पटकन उरकू हं! माझ्या साडूला दात काढायचं इंजेक्शन देऊन आलोय. जबडा सुन्न व्हायला वेळ लागतो, म्हटलं तेवढ्यात एक चक्कर होईल." मग त्यांना ट्रेलरमधून येणारा आवाज ऐकू आला. "काका, हे वजन... गुणगुणतंय?"

"खरं वजन आहे," काका अभिमानाने म्हणाले आणि खिडकीची काच घट्ट वर करून बसले. एक माशी चावली तरी काकांचं तोंड भोपळ्यासारखं सुजायचं. म्हणून तर ते बागेत कधी गेलेच नव्हते. काकू स्टिअरिंगवर बसल्या, डॉक्टर मागच्या सीटवर. गाडीने ट्रेलर सहज ओढला.

गल्लीच्या टोकाला पाइपांचा ट्रक रिकामा होत होता. वळायला जागा नव्हती. काकूंनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. आता ट्रेलर मागे घेणं म्हणजे रुसलेल्या माणसाची समजूत काढणं. आपण डावीकडे वळवावं तर तो उजवीकडे जातो. ट्रेलर तिरका झाला आणि इस्त्रीवाल्याच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला. पुढे घेतला, पुन्हा मागे. या वेळी दिव्याच्या खांबापासून वीतभर. तोवर गल्ली जमली होती, आणि गल्लीत न शिकलेला शिक्षक कोण नसतो?

"काकू, उजवीकडे कापा!"

"अहो डावीकडे, डावीकडे!"

"आधी सरळ करा, मग कापा!"

"बाई गं!" काकूंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. "नाही हो जमत मला हे मागे घेणं. पुढे जाते आणि पुढून वळते."

पुढच्या चौकात पोलिसाने वळू दिलं नाही. त्यापुढच्या पेट्रोल पंपावर रांग होती. मग शाळेचं मैदान आलं. त्याचं फाटक चांगलं सताड उघडं होतं, पण काकूंचं लक्ष दुसरीकडे होतं. काका "अगं, अगं, मैदान!" म्हणेपर्यंत ते मागे पडलं. मग पूल लागला. पुलावर कोण वळणार? आणि पूल संपला की घाटाचा रस्ता, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी.

डॉक्टरांचा फोन वाजला. "साडू आहे," ते कसनुसं हसत म्हणाले. "हॅलो... हो, हो, सुन्न झालंय म्हणजे छान झालंय. तसाच बस. आलोच मी." फोन ठेवून ते म्हणाले, "काकू, कुठे वळणार आपण?"

"मला काय माहीत बाबा," काकू म्हणाल्या. "रस्ता नेईल तसं जायचं. पण थांबता मात्र येणार नाही हं. ऊन चढलं की बंद पेट्यांत माश्या गुदमरतात."

"म्हणजे आपण चाललोय कुठे?" काका ओरडले.

"अहो, हा रस्ता बघितल्यासारखा वाटतोय. बागेकडेच जातो बहुतेक."

शेवटची चढण कच्ची होती आणि वरच्या झऱ्याच्या पाण्याने तिचा चिखल झाला होता. मध्यावर आल्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडी तसूभर पुढे सरकेना. ट्रेलर मागे ओढायला लागला आणि पेट्यांतलं गुणगुणणं वाढलं. काकूंचा चेहरा पहिल्यांदाच खरोखर उतरला.

"डॉक्टर, तुमची ती फोर व्हील कुठे आहे?"

"असेल की! किमतीत धरलीये मी." डॉक्टर पुढे वाकून शोधायला लागले. "हा छोटा दांडा असावा. मी याला आठ वर्षं भाजीची पिशवी अडकवतोय."

काका मागे गेले, डॉक्टर पुढे आले. दांडा जाम बसला होता. डॉक्टरांनी बाह्या सारल्या, दांड्याची पकड घेतली, हळूच इकडेतिकडे हलवून बघितला आणि सवयीने त्याला म्हणाले, "थोडं दुखेल हं." मग एकच हिसका. खाली कुठेतरी खट्ट झालं. काकूंनी सावकाश क्लच सोडला आणि गाडी चारही पायांवर उभी राहिल्यासारखी चिखल चढायला लागली.

"चढली! काकू, चढली!" डॉक्टर सीटवर उड्या मारायला लागले. चिखलाचा एक लपका समोरच्या काचेवर येऊन आदळला, तर ते टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात साडूचा फोन आला. त्यांनी बघितला आणि पालथा करून ठेवला.

बागवाला फाटकात उभाच होता. त्याच्या माणसांनी पेट्या उतरवून झाडांखाली मांडल्या. काकूंनी डोक्यावर जाळीची टोपी घातली आणि एकेका पेटीचं दार उघडलं. आधी काहीच झालं नाही. मग एक माशी बाहेर आली, दारात घुटमळली, पुन्हा आत गेली. काकू श्वास रोखून उभ्या होत्या. मग दोन आल्या, मग दहा, आणि बघता बघता पांढऱ्या फुलांवर सगळीकडे त्याच झाल्या. काकूंना रडू आलं. पंधरा दिवस त्या रोज सकाळी पेट्यांना कान लावून आवाज किती उतरलाय ते ऐकत होत्या, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

काका गाडीत काचा लावून घामाघूम बसले होते. काकू जवळ आल्यावर त्यांनी काच बोटभर खाली केली. "झालं ना समाधान? आता खाली कसं जायचं? पुढे रस्ता संपलाय. वळायला जागा नाही, आणि तुला मागे घेता येत नाही."

"ट्रेलर सोडवून हातांनी फिरवू," डॉक्टर उत्साहाने म्हणाले. त्यांच्या अंगात आता काहीही करायचं बळ आलं होतं.

काकू स्टिअरिंगवर बसल्या. मान मागे वळवली, एक हात सीटच्या पाठीवर टाकला आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग फिरवलं. ट्रेलर दोन झाडांच्या मधून सरळ मागे गेला, पाण्याच्या टाकीला वळसा घालून बसला आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे झालं. एका फेरीत. फांदीवरचं फूलसुद्धा पडलं नाही.

बागवाला जांभई देत म्हणाला, "काकू दर वर्षी अशाच मागे घेतात. तो ड्रायव्हर येतो आणि झाडाखाली झोपतो."

काकांनी बायकोकडे बघितलं. "आणि सकाळी गल्लीत जे काय चाललं होतं ते?"

"सकाळी मला पुढे जायचं होतं," काकू म्हणाल्या.

अख्ख्या गावातले खोटे काटे पकडलेला माणूस तो. "तू मला फसवलंस," काका म्हणाले.

"वजन खरं होतं की नाही?"

"वजन खरं होतं," काकांना कबूल करावं लागलं. मग ते डॉक्टरांकडे वळले. "गाडी पास. सांगा, कधी नावावर करताय?"

डॉक्टर बॉनेटवरच्या चिखलावर बोट फिरवत उभे होते. "काका, रागावू नका," ते म्हणाले, "पण मला नाही विकायची गाडी. आज कळलं मला, मी काय घेतलं होतं ते."

काकूंचा हात स्टिअरिंगवरून खाली आला. या बागेचा बहर महिनाभराचा. मग पलीकडच्या डोंगरावर रानफुलं येतात आणि पेट्या तिकडे हलवाव्या लागतात. काकांना ते दिसलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं माप त्यांना बरोबर घेता येत होतं.

मापकाका घसा खाकरून खाली उतरले. काच, दार, माश्या, सगळं विसरून.

"डॉक्टर, विकायची की नाही हा तुमचा प्रश्न," ते जुन्या खात्यातल्या आवाजात म्हणाले. "पण माझी चाचणी अपुरी आहे. आज फक्त चढ तपासला. महिन्याभराने पलीकडच्या डोंगरावर उतार तपासावा लागेल. खऱ्या वजनासकट."

"पण काका, विकायचीच नाही तर चाचणी कशाला?"

"अर्धवट चाचणी मी जन्मात सोडलेली नाही. नियम म्हणजे नियम."

आयुष्यात कधी अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे न होऊ देणारा नवरा धडधडीत खोटं बोलत होता, आणि काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजेड पडला.

"उताराला तो दांडा पुन्हा ओढावा लागेल का?"

"हमखास."

"मग येतो मी. नक्की येतो." डॉक्टर खुलले आणि लगेच कोमेजले. "पण घरी बायकोला काय सांगू? ती तर गाडी विकायची वाट बघत बसलीये."

"त्यात काय एवढं?" मापकाका म्हणाले. "सांगा, गिऱ्हाईक फार चिकट आहे. अजून बघतंय."