सावनेरच्या पुढे

"आज तुमची परीक्षा," असं म्हणत दत्तोपंतांनी नागपूरच्या सदर भागातल्या आपल्या नव्या यात्रा कंपनीच्या दारात गोपिकाच्या हातात भोंगा दिला. "पचमढीची सहल, अठ्ठावीस प्रवासी. चुकलात तर इथूनच घरी." पुण्याहून येऊन दत्तोपंतांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आपल्या दटावणीने पोरगी घाबरेल असं त्यांना वाटलं, पण गोपिकाला त्यातलं 'पचमढी' तेवढंच ऐकू आलं.

कारण तिच्या घरी पचमढी बारा वर्षं नुसती ठरत होती. वडील चंपतराव कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला. दर मे महिन्यात ते रजा काढून वळकटी बांधत, चौघं एसटीत बसत, आणि वाटेत सावनेरला मावशीकडे 'फक्त चहापुरतं' उतरत. मावशी चहावर सोडणाऱ्यांतली नव्हती. रजा पाहुणचारातच संपायची आणि मंडळी कुरड्यांची पिशवी घेऊन परत कोराडीला. पण सावनेरपर्यंतचा रस्ता चंपतराव असा रंगवून सांगायचे की कंडक्टरही तिकिटं फाडायचं थांबायचा. मावशीच्या दारावरून छिंदवाड्याची बस पुढे जायची, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत गोपिका पाहत राहायची. बरोबरीच्या मुली टायपिंगच्या क्लासला गेल्या. हिला मात्र गाडीत उभं राहून लोकांना रस्ता सांगायचा होता, कारण रस्ता सांगणाऱ्याला मध्येच कोणी चहाला उतरवत नाही.

साडेसातला फोन वाजला. ड्रायव्हर शालिकराम पंपावरून बोलत होता. "डिझेल भरलं. येऊन राहिलो."

गोपिकाने भोंगा तोंडाला लावला. "मंडळी, गाडी येऊन राहिली."

नागपूरची मंडळी समजली, गाडी येते आहे. पुण्याचे दत्तोपंत समजले, गाडी येऊन उभी राहिली. ते लगबगीने बाहेर आले, तर रस्ता रिकामा.

"कुठे आहे?"

"येऊन राहिली ना, साहेब."

"येऊन कुठे राहिली?"

"पंपावरून येऊन राहिली."

"पंपावर राहिली?"

"पंपावर नाही. इकडं येऊन राहिली."

"मग मला दिसत का नाही?"

"येऊन राहिली म्हणून दिसत नाही. आली की दिसन."

दत्तोपंतांनी ताडलं, गाडी पंपावर बंद पडली आहे आणि ही लपवते आहे. त्यांनी कार्यालयाला कुलूप ठोकलं आणि ट्रंका, वळकट्या, सुरया यांच्यासकट सगळ्यांना गल्लीतून पंपाकडे पिटाळलं. तेवढ्यात मोठ्या रस्त्याने बस कार्यालयापाशी आली. "तुमचे साहेब तर पंपावर जाऊन राहिले," पानवाल्याने सांगितलं. शालिकरामने गाडी वळवली.

इकडे पंपवाला म्हणाला, "गाडी तर तुमच्या हापिसात जाऊन राहिली."

"बघा, तिथे जाऊन राहिली आणि आपण इथे," दत्तोपंत कडाडले आणि सगळी वरात पुन्हा गल्लीत शिरली. अर्ध्या वाटेत सिंधूताई नावाच्या जाडजूड बाईंनी ट्रंकेवर बैठक मारली. "या साहेबाचं बोलणं मले समजत नाही. तूच सांग वं, काय करायचं?"

"कोणी हलू नका," गोपिका म्हणाली. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी उभं राहून ती भोंग्यातून ओरडली, "शालिकभाऊ, इकडं." बस आली. सामान चढलं.

दत्तोपंत पायरीपाशी आडवे उभे राहिले. "तुमची परीक्षा झाली. घरी जा."

बस समोर उभी होती, पाटीवर पचमढी लिहिलेलं होतं, आणि या वेळी मावशीचाही दोष नव्हता. तिने भोंगा पुढे केला.

"ही पोरगी नाही, तर मीबी नाही," सिंधूताई आतून म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर राहिलं, तर आमाले पचमढी पायीच जा लागन." मागच्या बाकावरचे चौघे उतरायला उठले, तेव्हा दत्तोपंत बाजूला झाले.

कोराडी गेली. कोलार नदी आली, संत्र्याचे बगीचे आले. कोणत्या वळणावर कोणाचा बैल उधळला होता, इथपर्यंत सगळं गोपिका वडिलांच्याच शब्दांत सांगत होती. लोक हसून बेजार झाले. दत्तोपंत वहीत टिपून घेत होते.

मग सावनेर आलं. मावशीचं दार आलं आणि मागे गेलं. गाडी थांबली नाही. गोपिकाचे डोळे भरून आले. भोंगा तोंडाशी तसाच धरून ती मागे पडणाऱ्या दाराकडे वळून पाहत राहिली.

"बोला की," दत्तोपंत म्हणाले.

"साहेब, याच्यापुढं बाबानं काहीच सांगितलं नाही."

"म्हणजे?"

तिने भोंग्यातूनच सांगून टाकलं. "मंडळी, इथून पुढं मीबी पहिल्यांदाच आली. तुम्ही उजवीकडचे उजवीकडं पहा, डावीकडचे डावीकडं. काही दिसलं तर मले सांगा."

सिंधूताई सरकल्या आणि त्यांनी तिला खिडकीची जागा दिली.

"अहो, मग पचमढीपर्यंत रस्ता सांगणार कोण?" दत्तोपंतांनी विचारलं. सगळे खिडकीबाहेर पाहत होते.