कलांचो आणि कचरागाडी

दिनानाथरावांनी त्या दिवशी सकाळी फक्त गॅलरी आवरायचं ठरवलं. एवढंच. पण या माणसाचं 'एवढंच' म्हणजे काय असतं, ते इंदूरच्या मल्हारगंजातल्या त्यांच्या गल्लीला चांगलं ठाऊक आहे.

त्यांना स्वस्थ बसवतच नाही हो! पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि रिटायर झाल्यावर घरातल्या वस्तूंच्या मागे लागले. डबे उतरव, डबे चढव, घड्याळ पाच मिनिटं पुढे कर, परत मागे घे. आणि अशा माणसाच्या घरात बायकोचा, मंजिरीबाईंचा कलांचो! जाड पानांचं ते झाड थंडीत गुलाबी फुलांनी भरून जातं आणि त्याची मागणी एकच, माझ्या वाटेला जाऊ नका. आठवड्यातून एकदा पाणी पुरे. दिनानाथरावांनी ते दिवसातून तीनदा घातलं. (चौथ्यांदा अगदी थोडंसं.) धारच्या माहेराहून आणलेल्या एका फांदीपासून वाढवलेलं अकरा वर्षांचं झाड पंधरा दिवसांत बुडापासून सडलं.

मंजिरीबाई ओरडल्या नाहीत, त्याचीच तर धास्ती! गॅलरीचं दार लावून त्यांनी कात्री चालवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीकडे देवासला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "अहो, माझ्या झाडाला आता हात लावू नका. उरलंय तेही गेलं तर मला दुसरं नको."

"नाही लावणार. शप्पथ!"

तर त्या गेल्यावर ही गॅलरी. कोपऱ्यात पेपरवर सात काळपट, सुरकुतलेले तुकडे पडले होते. झाड कुठे दिसतच नव्हतं, तेव्हा शपथ मोडायचा प्रश्न नव्हता. तेवढ्यात गल्लीत कचरागाडीचं गाणं वाजलं. ते वाजलं की इंदूरकराचे पाय आपोआप जिना उतरतात.

गाडीवाला मनीष पन्नाशीचा, कामात कडक. त्याने तुकडे निरखले. "भिया, ये गीला है के सूखा?"

"झाड का है. गीला."

"सूख तो रिया है."

यावर पाच मिनिटं वाद झाला. रांगेतल्या दोन बायकांनीही आपली मतं दिली. शेवटी 'गीला' ठरलं, तुकडे हिरव्या खणात गेले आणि दिनानाथराव ताठ मानेने वर आले.

चहा घेताना त्यांनी मोबाइल उघडला. म्हटलं, झाडांचं थोडं शिकावं, मंजिरी खूश होईल. व्हिडिओतली बाई गोड आवाजात सांगत होती, कलांचोच्या कापलेल्या फांद्या लगेच मातीत लावू नका, सडतील. तीन-चार दिवस सावलीत, पेपरवर सुकू द्या.

पेपरवर! सावलीत! दिनानाथरावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. "मेलो!"

देवासला फोन करावा? छे! तिच्याशी बोलण्यापेक्षा गाडीमागे धावणं सोपं. गाणं ऐकू येत होतं, पण या गल्लीत शिरावं तर ते त्या गल्लीत. कोपऱ्यावर पोहे खाणारा एक जण ओरडला, "शाबास काकाजी! रोज दौडो, शुगर कम होएगी!" तेवढ्यात दिनानाथराव पुढच्या गल्लीत वळलेही.

सराफ्याच्या तोंडाशी गाडी सापडली.

"मनीष भिया... मेरा कचरा... वापस दो."

मनीषने गाणं बंद केलं. "अठारा साल हो गए कचरा उठाते, भिया. लोग छुपके देते हैं, झगडके देते हैं. वापस मांगने वाले आप पेले हो."

"मेरी मिसेस का झाड है. ग्यारह साल का. मैंनेच मारा उसको," दिनानाथराव म्हणाले. इतक्या वर्षांत बायकोने स्वतःसाठी म्हणून एवढं एकच काहीतरी जपलं होतं आणि आपल्याला ते जगवता येऊ नये!

मनीष विरघळला. त्याने स्वतःचा हातमोजा काढून दिला. मटारची सालं, चहाचा चोथा आणि अर्ध्या मल्हारगंजाचे उरलेले पोहे उपसल्यावर सहा तुकडे मिळाले. सातवा बहुधा दोडक्याचा देठ होता. (तोही घेतला. कोण जाणे!)

घरी येऊन दिनानाथरावांनी तुकडे पुसले, नव्या पेपरवर सावलीत मांडले आणि समोर खुर्ची टाकून दोन्ही हात काखेत दाबून बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी कशालाही हात लावला नाही. घड्याळालाही नाही.

संध्याकाळी मंजिरीबाई देवासहून आल्या त्या नाकाला पदर लावूनच. "हा वास कसला? आणि ही सडकी कांडं अजून इथेच?"

"अजून नाही, परत," दिनानाथराव म्हणाले, आणि त्यांनी पोह्यांसकट सगळं सांगून टाकलं.

मंजिरीबाई मटकन खाली बसल्या. "अहो, चांगल्या फांद्या कालच शेजारच्या विनीतावहिनींच्या गॅलरीत सुकायला ठेवल्या मी. तुमच्यापासून लांब! इथे सडलेलं तेवढं ठेवलं होतं. म्हटलं, पसारा दिसला की तुम्ही तो गाडीत टाकल्याशिवाय राहायचे नाहीत."

"म्हणजे मी बरोबर केलं होतं?" दिनानाथरावांचा चेहरा उजळला.

"बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, न सांगता, अगदी बरोबर केलं होतंत. आणि तेही धावत जाऊन परत आणलंत!" त्या हसू दाबत उठल्या. "आता उद्या सकाळी मनीषला हे पुन्हा तुम्हीच नेऊन द्या. मी काही त्याच्यासमोर जायची नाही."