मामांना काय झालंय?

गणिताचे सर दोन दिवसांच्या प्रशिक्षणाहून परतले ते शहाणे होऊनच. शाळेत पोरांनी त्यांचं नाव ‘वर्गमूळ’ ठेवलं होतं, कारण त्यांच्या तावडीत सापडलेला माणूस मुळासकट उपटल्याशिवाय सुटत नसे. या वर्षी पालकांच्या तीन तक्रारी आल्या, तेव्हा मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, शांतपणे म्हणाल्या, “सर, गणित तुम्हाला येतं. आता जरा माणसांचं बघा.” आणि त्यांनी सरांना भावनिक बुद्धिमत्तेच्या वर्गाला धाडलं.

सरांनी तो विषयही सूत्रासारखा घोकला. समोरच्याचा चेहरा वाचा, त्याच्या भावनेला नाव द्या, त्याला धीर द्या. आता फक्त एखादं उदाहरण सोडवायचं बाकी होतं.

सोमवारी सकाळी खडू घ्यायला ते सामानाच्या खोलीत शिरले, तर उदाहरण समोरच. शिपाईमामा कपाटाला धरून धडपडत उभे राहत होते. डोळे लालभडक, चेहरा ओढलेला. एरवी सरांनी “खडूचा डबा भरायला मुहूर्त बघताय का?” असं विचारलं असतं. आज त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मामा, तुम्ही दुःखात आहात.”

मामा गारठले. वीस वर्षांत सरांचा हात त्यांच्या खांद्यावर कधी पडला नव्हता. “नाही सर. काही नाही.”

‘काही नाही’ म्हणजे पुष्कळ काही, हे सर कालच शिकले होते. “असू दे,” ते मवाळ सुरात म्हणाले. “मी समजू शकतो. तुम्ही कसलीही काळजी करू नका.”

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. सरांनी ते मनात टिपून घेतलं: भावना खोल आहे.

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, “मामा आतून खचलेत. कारण विचारू नका. फक्त सांभाळून घ्या.”

भाषेच्या बाईंचे डोळे तिथल्या तिथेच भरून आले. पाण्याचा जग भरणाऱ्या मामांना गाठून त्या म्हणाल्या, “मामा, तुम्ही या शाळेसाठी किती केलंत! आम्ही कधीच विसरणार नाही हो.” मामांच्या हातून जग सुटला. फरशी पुसायला ते वाकले, तर खेळाच्या सरांनी फडकं हिसकावलं. “मामा, तुम्ही बसा बघू. आता हे सगळं आमच्यावर सोडा. घंटासुद्धा मीच देतो.” चित्रकलेच्या बाईंनी तर शिक्षकांच्या खोलीतली गादीची खुर्ची उचलून व्हरांड्यात आणली आणि मामांना त्यात बळेच बसवलं. मामा त्या खुर्चीच्या टोकावर असे टेकले, जसा दात काढायला आलेला माणूस.

हे सगळं बघून सर कृतार्थ झाले. तासभरात सगळी शाळा भावनिक झाली होती.

त्याच जोरावर ते आठवीच्या वर्गात गेले. फळ्याकडे न वळता टेबलाला टेकून म्हणाले, “आज समीकरणं राहू देत. तुम्हाला आत्ता काय वाटतंय ते सांगा.”

हा नक्की नवा सापळा, असं प्रत्येकाला वाटलं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी चाचरत उठली. “सर, भूक लागल्यासारखं वाटतंय.”

“छान!” सर खुलले. “पण ही पोटाची भूक नाही. ही कौतुकाची भूक आहे. कोणाकोणाला लागली आहे?”

सगळ्या वर्गाने हात वर केले. सरांना भरून आलं. ते कौतुकावर बोलत राहिले, आणि कोणीतरी जांभई दिली तेव्हा त्यांची नजर घड्याळावर गेली. मधली सुट्टी होऊन पस्तीस मिनिटं व्हायला हवी होती. घंटाच झाली नव्हती. शेजारच्या वर्गातून लहान मुलांचं रडणं ऐकू येत होतं.

सर धावले. खेळाचे सर मैदानाच्या पार टोकाला लंगडीत रंगले होते; घंटेचं त्यांच्या डोक्यातून साफ उडालं होतं. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. मोठ्या बाई सकाळपासून बैठकीला गेलेल्या; ऑफिसात त्यांच्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आणि खाली चिठ्ठी: ‘मी आपणहून जातो. माझ्या नोकरीच्या कागदावर काही लिहू नये ही विनंती.’

मामा फाटकाजवळ सापडले. हातात पिशवी, त्यात डबा आणि चपला.

“मामा, मला दिसतंय की तुम्ही दुखावलात...”

“सर, पाया पडतो, गोड बोलू नका!” मामांचा आवाज फुटला. “काय शिक्षा असेल ती एकदा सांगून टाका.”

सरांच्या घोकलेल्या सगळ्या पायऱ्या एकदम कोसळल्या. “अहो कसली शिक्षा? चारशे पोरं उपाशी बसलीत आणि तुम्ही पिशवी घेऊन फाटकात उभे! अक्कल गहाण ठेवलीय का? चला, घंटा द्या आधी!”

मामांच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. “म्हणजे मला काढलं नाही?”

“कोण काढतंय तुम्हाला?”

“तुम्ही मला झोपलेलं बघितलंत आणि ओरडला नाहीत. म्हटलं, प्रकरण वरपर्यंत गेलं.”

“तुम्ही झोपला होतात?” सर किंचाळले.

पण मामा तोवर पळाले होते. घंटा अशी घणघणली, की पोरं जिन्यावरून लोंढ्यासारखी खाली आली.

सर फाटकाच्या पायरीवर मटकन बसले. मामा परतले, तेव्हा त्यांनी बाजूची जागा दाखवली आणि पहिल्यांदाच काही न घोकता विचारलं, “का झोपलात हो?”

“लेक आलीय बाळंतपणाला. नात रात्रभर रडते. लेकीला निजवतो आणि मी नातीला घेऊन फिरतो.” मामा ओशाळून हसले. मग मैदानाकडे बघत उठले. “आलोच. त्या आठवीतल्या पोरीला बिस्किटं द्यायचीत. तिच्या आईची सोमवारी कामावर पहाटेची पाळी असते, पोर उपाशीच येते.”

शेवटच्या बाकावरचीच मुलगी ती. सरांचे कान तापले.

“तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“सांगतंय कोण? सोमवारी ती नळावर दोनदा पाणी प्यायला येते.”

दुपारी मोठ्या बाई बैठकीहून परतल्या. घडलेलं कोणी त्यांना सांगितलं नाही. “सर, प्रशिक्षणात शिकलात त्याचा शनिवारी सगळ्या शिक्षकांसाठी वर्ग घ्या,” त्या म्हणाल्या.

“घेतो. पण शिकवतील मामा.”

शनिवारी मामा फळ्यापुढे हात जोडून उभे राहिले. त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, “भाषेच्या बाई, डोकं दुखतंय ना? उन्हातून उठा. खेळाचे सर, घरी फोन करून टाका, मग मन लागेल.”

भाषेच्या बाई मुकाट्याने जागा बदलू लागल्या. खेळाचे सर फोन घेऊन बाहेर गेले. मोठ्या बाईंनी वही उघडली आणि पेन हातात घेतलं.

“आणि मी?” सरांनी विचारलं.

मामांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. “तुम्हाला ओरडायचंय सर. सकाळपासून दाबून ठेवलंय. ओरडा. आम्ही ऐकतो.”